सात छत्तीसची रिंग

येरळाकाठ सहकारी दूध संघाचा फोन आला तेव्हा मी शहात्तर वर्षांचा होतो, आणि आपल्याला आता कुणी कशासाठी बोलावणार नाही याची नुकतीच सवय झाली होती.

"कुंभोजकर सर ना? मी तबस्सुम मुजावर. संघाच्या माहिती विभागाची प्रमुख. सर, तुमचं पुस्तक आम्हाला बी.कॉम.ला होतं."

"असेल," मी म्हणालो.

"चौथं प्रकरण तर पाठ होतं. आमच्याच संघाचं."

चौथं प्रकरण पाठ असलेली माणसं मला पूर्वी अधूनमधून भेटत. माहितीप्रणाली कशी आखावी यावरचं ते माझं एकुलतं एक पुस्तक. नऊ आवृत्त्या निघाल्या. त्यातलं बाकी सगळं इकडचं तिकडचं वाचून लिहिलेलं होतं. चौथं प्रकरण तेवढं माझ्या हातचं. १९९६ साली मी या संघासाठी एक प्रणाली आखली, ती अकरा वर्षं बिनतक्रार चालली, तिची ती हकीकत. आयुष्यात केलेल्या बहुतेक गोष्टींबद्दल मला खात्री नाही. या एका गोष्टीबद्दल होती.

"एक सही हवी होती सर," त्या म्हणाल्या. "गाडी पाठवते."

विट्याला संघाच्या इमारतीत शिरताना मी सवयीने डावीकडे पाहिलं. तिथे काचेची खोली होती. माझा संगणक त्या खोलीत, गार हवेत ठेवलेला असे आणि पाहुणे आले की अध्यक्ष तो त्यांना काचेबाहेरून दाखवत. आता आत मोडक्या खुर्च्या आणि चेपलेले कॅन होते.

मुजावरबाई चाळिशीच्या. डोळ्यांखाली काळं आलेलं, बोलणं भरभर. "गुरुवारी संचालक मंडळाची बैठक आहे. नव्या प्रणालीसाठी तीन पर्याय आलेत. जुळ्यानं तिन्ही चालवून बघितलेत. जुळ्यावर तुमची सही झाली की मी सुटले."

जुळं म्हणजे काय ते मी वाचून होतो. पाहिलं नव्हतं.

आमच्या वेळी पर्याय निवडायचा म्हणजे एक तक्ता असे. डावीकडे निकष लिहायचे: खर्च, वेग, शिकायला सोपं की अवघड, बिघाड झाला तर काय. प्रत्येक निकषाला त्याच्या महत्त्वाप्रमाणे भार द्यायचा. मग प्रत्येक पर्यायाला गुण, गुणाला भाराने गुणायचं, बेरीज करायची. ज्याची बेरीज मोठी तो पर्याय. कागदावर हे फार न्याय्य दिसतं.

जुळं तक्ता मांडत नाही. ते अख्खी संस्थाच यंत्रात पुन्हा उभी करतं. संघाच्या पन्नास वर्षांच्या नोंदी त्याला वाचायला दिल्या होत्या: दुधाच्या पावत्या, टँकरच्या वह्या, हजेरीपट, टेलिफोनची बिलं, गावागावांचं रोजचं तापमान. त्यातून त्यानं एकोणचाळीस गावं उभी केली, प्रत्येक गावात संकलन केंद्र, केंद्रात सचिव, रस्त्यावर टँकर. त्यातल्या म्हशी खऱ्यासारख्या आटतात आणि उन्हाळ्यात दूध खऱ्यासारखं नासतं. मग त्यात एक पर्याय सोडायचा आणि पुढच्या तीन वर्षांत काय होतं ते एका दुपारी बघायचं. गुण देणारा माणूसच नाही म्हणून लबाडीही नाही, असं त्याच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं. ते वाक्य मी दोनदा वाचलं.

पण जुळं खऱ्यासारखं वागतं हे कशावरून ठरवायचं? त्यासाठी त्याची मागची परीक्षा घेतात. जे घडून गेलं आहे ते त्याला सांगायचं नाही. जुना निर्णय तेवढा त्यात सोडायचा आणि जे प्रत्यक्षात झालं तेच त्यात होतं का ते पाहायचं. झालं, तर पुढच्याबद्दल त्याचं ऐकायचं. परीक्षा झाल्याची सही त्या जुन्या निर्णयाच्या जाणकाराने करायची असा नियम आहे. जुना निर्णय माझा होता.

"बसा सर," मुजावरबाई म्हणाल्या. "दाखवते."

भिंतीवर नकाशा उमटला. एकोणचाळीस हिरवे ठिपके. आळसंदच्या शीतकरण केंद्रातून निघणारे चार टँकर. माझी प्रणाली अशी होती: मुख्यालयातला संगणक गावोगावच्या दुधाची महिन्याची सरासरी काढायचा आणि प्रत्येक टँकरचा महिन्याभराचा मार्ग छापून द्यायचा. सोपी, स्वस्त, एका जागी. मी खुर्चीत जरा सरसावून बसलो.

पहिल्या एप्रिलमध्ये पारे, बलवडी, वाझर हे ठिपके पिवळे झाले. कुठे लग्नसराईमुळे, कुठे म्हशी नव्याने व्याल्यामुळे दूध सरासरीच्या वर खाली होत होतं. टँकर वाटेतच भरत होता आणि शेवटच्या गावांचं दूध उन्हात थांबून नासत होतं. पावसाळ्यापर्यंत सात गावं संघ सोडून गेली. दुसऱ्या उन्हाळ्यात, विसाव्या महिन्यात, नकाशावर हिरवं काही उरलं नाही.

"हे असं झालं नव्हतं," मी म्हणालो.

"माहीत आहे सर. खऱ्या नोंदींत नासलेलं दूध हजारी दोन लिटर. अकरा वर्षं. पहिल्या एप्रिलमधले तीन दिवस तेवढे वाईट आहेत, मग एकदम सुरळीत."

"म्हणजे जुळं चुकतंय."

"आम्हालाही तेच वाटलं. चार महिने झाले त्याला. दूध तपासलं, टँकर तपासले, म्हशी तपासल्या. सगळं बरोबर आहे. तुमची प्रणालीच फक्त चालत नाही."

मी चष्मा पुसला. काय बोलायचं ते सुचेना की मी चष्मा पुसतो.

"मगदूमांचा पर्यायही चालवून बघितला," त्या म्हणाल्या. "नेमिनाथ मगदूम. तुम्ही नाकारलेला. कागद फायलीत होते. गावागावांत एकेक छोटं यंत्र, टेलिफोनच्या तारेवरून रोज सकाळी मुख्यालयाला आकडे, आणि त्याप्रमाणे रोज नवा मार्ग."

"आणि?"

"चौदाव्या महिन्यात बंद. लोडशेडिंग."

मला हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याची लाज वाटली.

"आता सहीचं. यात एक गुणक घालता येतो सर. 'स्थानिक सहकार्य गुणक'. कंपनीच सुचवते. एक पूर्णांक तीन घातला की तुमची अकरा वर्षं बरोब्बर जुळतात."

"तो कशाचा गुणक?"

"कशाचाच नाही. जे कळत नाही त्याचा."

"आणि तो घातल्यावर नव्या तिघांत पहिला कोण येतो?"

"निर्मनुष्य केंद्र. दूध यंत्र घेणार, यंत्र तपासणार, टँकरही तेच बोलावणार. सचिव नको, मदतनीस नको. एकशे सोळा माणसं कमी." त्यांनी डोळे चोळले. "गुणक नाही घातला तर तोच शेवटचा येतो. पण मग परीक्षाही जुळत नाही, आणि जुळ्याचा अहवालच बाद. लेंगऱ्याचे सचिव माझे सख्खे चुलते आहेत सर. तरी सही मागतेय. गुरुवारी मला काहीतरी मांडायला हवं. दमलेय मी."

मी पेन काढलं होतं, टोपणही उघडलं होतं. सही केली असती तर माझं चौथं प्रकरण शाबूत राहत होतं. आधी उत्तर ठरवायचं आणि मग ते उत्तर येईल असा आकडा घालायचा, ही गोष्ट मला नवी नव्हती.

"गुरुवारला तीन दिवस आहेत," मी म्हणालो. "मला दोन द्या."

*

१९९६ च्या त्या तक्त्यात बेरीज नेमिनाथची मोठी होती. चार गुणांनी.

आम्ही दोघं सांगलीला तंत्रनिकेतनात एका खोलीत राहिलो होतो. संघात नोकरीलाही मागेपुढेच लागलो. त्याचा पर्याय मला बेभरवशाचा वाटत होता, माझा त्याला आळशी वाटत होता. दोघांनी आपापला मांडला. तक्ता करायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर चांगलं. बेरीज झाल्यावर अध्यक्ष म्हणाले, "कुंभोजकर, आपल्याला दाखवण्यासारखा एक मोठा संगणक पाहिजे. ते गावोगावी डबे ठेवायचं काय घेऊन बसलात?" बाकी काही म्हणाले नाहीत. मी जागेवर येऊन 'शिकण्यास सुलभ' या निकषाचा भार खोडरबराने खोडला. दहा होता. पंचवीस केला. मग माझी बेरीज मोठी झाली.

नेमिनाथची बदली आळसंदच्या शीतकरण केंद्रावर झाली, भांडारपाल म्हणून. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. मी बोलायला गेलो नाही. पुढे मी कॉलेजात शिकवायला लागलो. बेचाळीस वर्षं त्या रस्त्यानं मी कितीदा गेलो असेन. आळसंद आलं की हातातल्या पुस्तकात डोकं घालत असे.

या वेळी उतरलो.

शेवटच्या तीन गावांची नावं भिंतीवर पिवळी झालेली पाहिली होती ना, तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात होता. चार टँकर आळसंदहून सुटत. माझ्या प्रणालीत जे काही चुकत होतं ते आळसंदला दिसत असणार. आणि आळसंदला नेमा होता.

तो पडवीत दिवाणावर बसला होता. एकोणऐंशी वर्षांचा, वाळलेला, कान मात्र पूर्वीइतकेच मोठे.

"कोण हाय?"

"कुंभोजकर."

"कोण कुंभोजकर? पुस्तकवाला?"

"हो."

"मग उंबऱ्यात का थांबलायस? आत कसं यायचं ते पुस्तकात नाही का लिहिलंस?"

सुलोचनावहिनी आतून आल्या. त्यांनी मला पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "भावजी, हात पाय धुवा. जेवण दिवस मावळायच्या आत. त्यानंतर आमच्यात पाणीसुद्धा नसतं. भूक असो नसो, आत्ताच बसा."

"भांडायचं असलं तरी आधी जेवूनच," नेमा म्हणाला. "उपाशी माणूस नीट भांडत नाही."

भाकरी, मुगाची आमटी, कवठाची चटणी. मी निम्म्या जेवणातच बोललो, कारण नंतर धीर झाला नसता.

"नेमा, त्या तक्त्यात मी..."

"दहाचे पंचवीस."

मी घास खाली ठेवला.

"तू खोडलेलं कधी नीट खोडत नाहीस लेका. कागद उजेडाला धरला की दहा दिसत होता. जेव तू. बेचाळीस वर्षांचं शिळं हाय ते, आणखी दहा मिनिटांनी काय व्हायचंय."

"तू तक्रार का नाही केलीस?"

"कुणाकडं? अध्यक्षाकडं?" तो हसला. खोकला आला. वहिनींनी भांडं पुढं केलं.

जेवण झाल्यावर मी त्याला जुळ्याचं सांगितलं. नकाशा, पिवळे ठिपके, विसावा महिना, गुणक, निर्मनुष्य केंद्र. तो एकाग्र होऊन ऐकत होता. अभ्यासाला बसायचो तेव्हा ऐकायचा तसा. त्याच्या पर्यायाचं सांगावं की नाही ते ठरेना. शेवटी सांगितलं. "तुझाही चालला नसता. चौदा महिने."

"लोडशेडिंग?"

"हो."

"ते मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. आळसंदला पण वीज जात होतीच की." तो भिंतीला टेकला. "म्हणजे तुझा बाद, माझा बाद. मग अकरा वर्षं चाललं काय?"

"तेच विचारायला आलोय."

त्यानं वहिनींकडे पाहिलं. वहिनी म्हणाल्या, "सांगा की आता. उद्या सकाळी तर दिसणारच हाय त्यांना."

"पहिल्या एप्रिलमध्ये तुझा मार्गाचा कागद घेऊन टँकर निघाले," नेमा म्हणाला. "वाझरला पोचेपर्यंत टँकर भरलेला. मी म्हटलं, बरं झालं. जिरू दे याची. तीन दिवस मी मजेत बघितलं. खोटं नाही बोलत. चौथ्या दिवशी कामासाठी पाऱ्याला गेलो, तर तिथल्या बाया दूध ओढ्यात ओतत होत्या. एकीनं मला ओळखलं. म्हणाली, भाऊ, संघात तुम्हीच ना? ओढा पांढरा झालेला. दुधाला कुठं कळतंय रे कुणाचा पर्याय निवडला ते. ते आपलं नासतं."

त्यानं जे केलं ते इतकं साधं होतं की मला तीनदा ऐकावं लागलं.

सव्वीस गावांत केंद्रावर किंवा शेजारी टेलिफोन होता. आळसंदच्या भांडारात नेमाच्या टेबलावर एक. रेडिओवर सातच्या बातम्यांआधी जे टोले पडत त्यावर सगळ्यांनी घड्याळ लावायचं. सात दहापासून प्रत्येक गावाला स्वतःचं एक मिनिट. सात दहा लेंगरे, सात अकरा भाळवणी, असं करत सात चौतीसपर्यंत पंचवीस गावं, आणि सात छत्तीसला शेवटचं वाझर. मधलं एक मिनिट जास्तीचं, कारण वाझरचं घड्याळ मागं पडायचं. आपल्या मिनिटाला फोन करायचा आणि पलीकडून उचलायच्या आत ठेवायचा. एक रिंग म्हणजे दूध रोजच्याइतकं. दोन म्हणजे कॅन वाढलेत. तीन म्हणजे आधी इकडे या. उचलायचं नाही, म्हणून पैसे पडायचे नाहीत. ज्या तेरा गावांत फोन नव्हता त्यांचा निरोप शेजारचं गाव आपल्या रिंगेत धरायचं. पावणेआठला टँकर निघताना नेमा ड्रायव्हरला सांगायचा: आज आधी बलवडी, मग उलटं फीर.

"पण टँकरच्या वहीत तर माझाच मार्ग लिहिलेला आहे," मी म्हणालो. "रोज."

"मग? दुसरं लिहिलं तर विट्याहून खुलासा मागवणार. ड्रायव्हरांना सांगून ठेवलं होतं, फिरायचं मी सांगतो तसं, लिहायचं कुंभोजकर सांगतो तसं."

जुळ्यानं वह्या वाचल्या होत्या, टेलिफोनची बिलं वाचली होती. न उचललेला फोन कुठल्याच बिलात येत नाही.

"तू हे कागदावर का नाही मांडलंस?"

"कागदावर असतं तर तू ते सुधारायला आला असतास."

मी हसलो नाही. तोही हसला नाही.

"तो तुझा गुणक," तो जरा वेळाने म्हणाला, "एक पूर्णांक तीन. तो म्हणजे मी आणि सव्वीस सचिव?"

"तसंच दिसतंय."

"मग सचिवच काढून टाकल्यावर तो आकडा यंत्रात तसाच कसा राहतो? रिंग कोण देणार? म्हशी?"

वीस-पंचवीस वर्षं मी मुलांना हा विषय शिकवला. मुजावरबाईंनी चार महिने त्या गुणकाकडे पाहिलं होतं. हा प्रश्न आम्हाला पडला नव्हता. माणसाच्या वागण्यातून आलेला आकडा आम्ही म्हशीच्या दुधासारखा, हवेच्या तापमानासारखा धरून चाललो होतो. माणसं गेली तरी तो मागे राहणार होता आणि त्यांच्याशिवाय सगळं सुरळीत चाललेलं दाखवणार होता.

"आणि आणखी एक," नेमा म्हणाला. "हे माझं बंद होऊन कैक वर्षं झाली. आताचे सचिव काय करतात ते मला माहीत नाही. पण काहीतरी करतच असणार. नाहीतर तुमच्या नव्या प्रणाल्या इतकी वर्षं चालल्या असत्या होय?"

मी त्या रात्री तिथेच पडवीत झोपलो. सकाळी सात वाजता नेमा आंघोळ करून दिवाणावर बसला होता, मांडीवर मोबाइल. सात दहाला तो एकदा वाजला आणि थांबला. नेमानं हात लावला नाही.

"लेंगरे," तो म्हणाला.

सात सतराला एकदा. मग बराच वेळ काही नाही. सात बावीसला, सात तेवीसला एकेकदा. वहिनी चहा घेऊन आल्या. "यांची सकाळची पूजा, भावजी. म्हातारे आपापल्या मिनिटाला रिंग देतात. आहे अजून, असं सांगायला."

"किती उरलेत?"

"चार," नेमा म्हणाला. "हे लेंगऱ्याचे, आताच्या सचिवाच्या आधीचे होते ते. ब्याण्णव वर्षांचे. पण घड्याळ बरोबर."

निघताना तो दारापर्यंत आला. आम्ही एकमेकांकडे पाहत नव्हतो, रस्त्याकडे पाहत होतो.

"मी आधी यायला हवं होतं," मी म्हणालो.

"हो की," तो म्हणाला. "बस आली बघ."

*

मुजावरबाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग त्या यंत्रासमोर बसल्या आणि गुणक पुसून टाकला. त्याजागी आळसंदच्या भांडारात एक माणूस बसवला, सव्वीस गावांना एकेक मिनिट दिलं. पहिले तीन दिवस त्याला गप्प ठेवलं. मग नकाशा सुरू केला.

एप्रिलचे तीन दिवस शेवटची गावं पिवळी झाली. चौथ्या दिवशी हिरवी झाली. अकरा वर्षं हिरवी राहिली. नासलेलं दूध हजारी दोन लिटर.

"या अल्ला," त्या हळूच म्हणाल्या.

मग त्यांनी त्याच जुळ्यात निर्मनुष्य केंद्राचा पर्याय सोडला. या वेळी सचिवांबरोबर रिंगाही गेल्या. आठव्या महिन्यात वाझर पिवळं झालं. तिथेच त्यांनी यंत्र थांबवलं. "पण सर, हे जुनं झालं. आताच्या एकोणचाळीस गावांत कोण काय करतंय ते कळल्याशिवाय तिन्ही पर्यायांचा काहीच अर्थ नाही."

"नाही."

"म्हणजे गावोगाव जाऊन विचारायचं."

"आमच्या वेळी त्यानंच सुरुवात करत," मी म्हणालो. "म्हणजे करायची असते. मी केली नव्हती."

त्यांनी तिथूनच चुलत्यांना फोन लावला. "चाचा, टँकर यायच्या आधी तुम्ही असं काय काय करता जे कुठंच लिहीत नाही?" पलीकडून मोठ्याने हसणं ऐकू आलं. मुजावरबाई एक पान भरेपर्यंत लिहीत होत्या.

गुरुवारच्या बैठकीला मला बोलावलं. मी उभा राहून सांगितलं की माझी सही होणार नाही, आणि का होणार नाही. खोडरबराचंही सांगितलं. मागच्या रांगेतले एक संचालक म्हणाले, "मोठ्यानं बोला मास्तर." मग मोठ्यानं सांगितलं.

"बेचाळीस वर्षांनी आठवलं होय तुम्हाला?" दुसऱ्या एकाने विचारलं.

"आठवत रोजच होतं," मी म्हणालो. "ती प्रणाली माझी नव्हती, हे मात्र परवा कळलं."

संचालक चिडले. दुसरा कुणी जाणकार मिळतो का याची चर्चा झाली. पण १९९६ च्या निर्णयाचे जाणकार दोघंच हयात होते, आणि दुसरा आळसंदला दिवाणावर बसलेला होता. शेवटी निर्णय तीन महिने पुढे ढकलला आणि तोवर मुजावरबाईंनी सगळी गावं फिरून यावं असं ठरलं. तीन महिन्यांनी काय होईल ते मला माहीत नाही. माणसांना दाखवण्यासारखं काहीतरी हवंच असतं. एकशे सोळा माणसं सध्या कामावर आहेत, एवढंच.

प्रकाशकांना मी पत्र लिहिलं की पुढची आवृत्ती निघाली तर चौथं प्रकरण काढून टाकावं. त्यांनी कळवलं की पुढची आवृत्ती काढायचा त्यांचा विचारच नाही.

आळसंदहून निघताना बसमध्ये चढत होतो तेव्हा नेमानं मागून हाक मारली होती, ते सांगायचं राहिलं.

"वाझरचा बाबू पवार गेल्या पौषात गेला," तो म्हणाला होता. "सात छत्तीस रिकामं हाय."

"मग?"

"मग काय? एक रिंग द्यायची. मी उचलणार नाही."

आज सकाळी रेडिओ लावला. टोले पडत नाहीत आता, नुसत्याच बातम्या सुरू होतात. तरी घड्याळ लावून घेतलं. चहा केला. सात छत्तीस झाले तेव्हा नंबर लावला. पलीकडे एकदा वाजलं.

त्यानं उचलला नाही.